दाजींचं बिननावाचं स्टेशन

दाजींची आणि माझी शेवटची भेट झाली ती दवाखान्यात, दुपारच्या भेटीच्या वेळेत. नाकाला नळी होती, दोन शब्द बोलले की त्यांना थांबावं लागत होतं. आजारी माणसापाशी बसून बोलतात तसं मी आपलं हवापाण्याचं बोलत होतो... यंदा थंडी फार, निफाडकडे दवाचं बर्फ झालं, द्राक्षांचं काय होणार वगैरे. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थंडीत रूळ काळे पडत्यात. चार दिवसांनी एक फेरा मारत जा गाडीचा." मी हो म्हणालो. मी ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी माझं मनगट धरलं आणि परत म्हणाले, "नुसतं हो नको. उभी गाडी बिघडती." ताईबद्दल एक शब्द नाही, लेकीबद्दल नाही, आणि काळजी कसली तर खेळण्यातल्या गाडीच्या रुळांची. मला हसू आलं आणि थोडा रागही आला. सहाव्या दिवशी सकाळी भाचीचा, मीनाचा, फोन आला. "मामा, बाबा गेले..." एवढंच ती बोलली. मी हातातला चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो सांगायलाही लाज वाटते. चार दिवस उलटून गेले होते आणि फेरा राहिला होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाव प्रभाकर, पण आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजीच म्हणतात, आणि पुढे पुढे तर सोसायटीतला वॉचमनही त्यांना दाजी म्हणू लागला. त्यांची सगळी नोकरी पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. तिथल्या कॉम्प्रेसरचे ते फिटर. चालत्या यंत्राला कान लावायचे आणि आत कुठे काय दुखतंय ते सांगायचे. मी पाटबंधारे खात्यातला कारकून, मला फाइलीचं दुखणं कळायचं, यंत्राचं नाही. त्यामुळे आमचं छान जमायचं, कारण एकमेकांच्या कामात नाक खुपसायची सोयच नव्हती. तरुणपणी दाजींना रेल्वेत इंजिनावर जायचं होतं. लेखी परीक्षेत पास झाले, मनमाडला चुलत्यांकडे चार दिवस राहून आले, घरी पेढ्यांची तयारी झाली, आणि मेडिकलमध्ये राहिले. का राहिले ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. कुणी म्हणे छातीत आवाज निघाला, कुणी म्हणे वशिला कमी पडला. त्यांना विचारलं तर म्हणत, "डॉक्टरला मी आवडलो नाय." आणि विषय तिथेच मिटायचा.

पहिलं इंजिन त्यांच्या हाती आलं ते पंचेचाळिशीनंतर. परदेशात द्राक्षं पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याने जर्मनीहून हौसेने आणलेलं, वीतभर लांबीचं, काळंभोर, चाकांना लाल रंग दिलेलं. त्याच्या घरात ते कुणाला चालवता येईना, म्हणून त्याने ते दाजींना देऊन टाकलं. रूळ नाहीत, डबे नाहीत, नुसतंच इंजिन. कैक वर्षं ते शोकेसमध्ये उभं होतं आणि ताई दर शुक्रवारी त्याच्यावरची धूळ पुसायची. निवृत्तीनंतर दोघं नाशकात गंगापूर रोडला राहायला आले, फ्लॅटमध्ये एक खोली जास्तीची मिळाली, आणि त्या खोलीत दाजींनी प्लायवूडचं एक भलंमोठं टेबल बांधलं. अख्खं टेबल दारातून आत जाईना, म्हणून त्याचे दोन भाग केले आणि आत नेऊन बोल्टने जोडले. त्या टेबलावर हळूहळू एक मुलूख उभा राहिला. वर्तमानपत्रं भिजवून आणि प्लास्टर थापून केलेले डोंगर, त्यात मनमाडच्या बाजूला दिसतो तसला अंगठ्यासारखा एक सुळका. काथ्याचे द्राक्षवेल. एका बाजूला बाजार समितीचं आवार आणि तिथे कांद्याचे ढीग, जे बघून लोक हमखास विचारायचे की हे कशाचे केले. खसखशीचे. ताईने बिटाच्या रसात रंगवून, ताटात वाळवून दिलेले.

आणि मध्यभागी एक स्टेशन. फलाट, बाक, पाण्याची टाकी, दोन लिंबाची झाडं, आणि पिवळी पाटी. पाटीवर नाव नव्हतं. मी पहिल्यापासून त्यांच्या मागे लागलो होतो की नाव घाला, लासलगाव घाला, उगाव घाला, नाहीतर स्वतःचंच घाला, प्रभाकरवाडी. ते नुसते हसायचे. "गाडी थांबती ना तिथं? मग झालं." मी थट्टेने त्या सगळ्या प्रकाराला बाहुलीचं लगीन म्हणायचो. दाजी कधी रागावले नाहीत. उलट कुणी नवा पाहुणा आला की तेच सांगायचे, "या, मेहुणे म्हणत्यात तसं आमचं बाहुलीचं लगीन बघा."

रविवारी दुपारी जेवून मी त्यांच्याकडे जायचो. खिडकीला जाडा पडदा, त्याच्या फटीतून येणारी उन्हाची एक पट्टी टेबलावर आडवी पडलेली. दाजी स्टुलावर बसून रेग्युलेटरचं बटण अगदी हलके फिरवायचे आणि गाडी निघायची. तो आवाज मी कसा सांगू... पत्र्याच्या डब्यात कुणी बारीक तांदूळ हळूहळू ओततंय, तसा. गाडी उन्हाच्या पट्टीतून जाताना एकेका डब्यावर उजेड चढायचा आणि उतरायचा. मग ती बोगद्यात शिरायची. बोगदा दाजींनी गरजेपेक्षा बराच लांब केला होता, डोंगराच्या मागून पार वळसा घालून जाणारा, त्यामुळे गाडी आत गेली की खूप वेळ दिसायचीच नाही. खोलीत नुसता तो आवाज राहायचा, तोही दबका. मी खाली सतरंजीवर उशी घेऊन पडलेला असायचो. डोळा लागायचा. मध्येच जाग यायची तेव्हा गाडी कुठेतरी चाललेलीच असायची आणि मला क्षणभर कळायचं नाही की मी खोलीत आहे की त्या फलाटावरच्या बाकावर. इतकी शांत झोप मला आयुष्यात दुसरीकडे कुठे लागली नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

त्या झोपेत व्यत्यय आणायचे ते फोन. कुणीतरी दाजींच्या गाडीचा व्हिडिओ अशा हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकला, आणि बघता बघता त्यांचा नंबर महाराष्ट्रभर झाला. नगर, अकोला, सांगली, कुठूनही फोन यायचे. इंजिन चालता चालता थबकतं. डबा वळणावर घसरतो. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गाडी मंदावते. उन्हाळ्यात रूळ फुगून वर आला. तेच तेच प्रश्न, पण दाजींना कंटाळा म्हणून नाही. आणि गंमत अशी की ते लगेच उत्तर कधी द्यायचे नाहीत. आधी विचारायचे, "कुठं थांबती? रोज तिथंच थांबती का? उलटी चालवली तर काय करती?" पलीकडचा माणूस म्हणायचा, बघून सांगतो. "बघा. मी हाय इथंच." आणि खरंच फोन कानाला लावून बसून राहायचे. एकच डबा सगळीकडे घसरत असेल तर दोष डब्याचा, आणि सगळे डबे एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळाचा, हे ते इतक्या वेळा सांगायचे की मलाही पाठ झालं होतं. स्वयंपाकघरातून ताई ओरडायची, "हे माणसांना पण लागू हाय." तेल घालायचं तर सुईच्या टोकावर मावेल एवढंच. दोन रुळांच्या जोडात पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवायची, म्हणजे वैशाखात रूळ फुगले तरी त्यांना जागा राहते. लांबच्या टोकाला गाडी मंदावत असेल तर वीज तिथवर पोचता पोचता थकते, तिला मध्ये मध्ये खालून तारा जोडून द्यायच्या. आणि रूळ पुसायचे ते स्पिरिटच्या फडक्याने, खरकागदाने नाही म्हणजे नाही.

हा शेवटचा नियम मोडला धुळ्याच्या डॉक्टर बोरसे यांनी. ते दातांचे डॉक्टर. इंजिन थबकतंय म्हणून दाजींनी त्यांना रूळ साफ करा म्हणून सांगितलं, तर यांनी दवाखान्यातलं दात घासायचं मशीन आणून सगळे रूळ आरशासारखे लखलखीत केले. चार दिवसांनी फोन, की गाडी आता अजिबातच चालत नाही. दाजींनी आधी कशाने घासले ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टर, दात नाय तो. तुम्ही त्याला चरे पाडले. आता त्या चऱ्यात मळ बसणार, तुम्ही पुन्हा घासणार, पुन्हा बसणार..." बोरसे इतके हसले की मला खाली सतरंजीवर ऐकू आलं. त्या दिवसापासून त्यांची दोस्ती. प्रत्यक्ष भेटले असतील दोनदा, पण आठवड्यातून एक फोन ठरलेला. दाजी गेले तेव्हा ते धुळ्याहून गाडी करून आले होते आणि कोपऱ्यात एकटेच उभे होते.

ताईचं आणि त्या खोलीचं मात्र फारसं सख्य नव्हतं, असं आम्ही सगळे समजत होतो. ती त्याला "ह्यांचं ठेसण" म्हणायची. पाहुणे गाडी बघायला आले की ही चहाचा ट्रे दारातून आत सरकवायची आणि निघून जायची. "बघा तुम्ही, मला कामं पडलीत." मी तिला एकदा विचारलं होतं, तुला कधी वाटत नाही का बसून बघावी? ती म्हणाली, "बघण्यासारखं काय हाय, गोल गोल तर फिरती." मीनाही म्हणायची की आईने बाबांच्या हौसेपायी एक खोली दिली, पण मन काही दिलं नाही. आम्ही तिघांनी, म्हणजे मी, मीना आणि जावई, हे इतकं गृहीत धरलं होतं की त्याबद्दल पुढे कधी बोललोही नाही.

दिवसकार्य झालं, मीना पुण्याला परत गेली, आणि मी चार दिवसांनी एक फेरा मारायला जाऊ लागलो. पहिल्या दोन-तीन खेपांना गाडी छान चालली. ताई बाहेरच्या खोलीत बसून असायची. गाडी थांबली की विचारायची, "झालं का?" मी हो म्हणायचो. ती मान हलवायची आणि चहा ठेवायची. असं पुष्कळ दिवस चाललं असतं, पण त्या खोलीच्या मागच्या भिंतीला ओल आली. पोपडे सुटून प्लास्टरच्या डोंगरावर पडायला लागले. रंगारी म्हणाला टेबल सरकवा. टेबल एकसंध सरकेना, म्हणून दोन भाग वेगळे करायचे ठरलं, आणि ते काम मी अंगावर घेतलं. का घेतलं, तर मला वाटलं की दाजींसाठी आपल्या हातून काहीतरी व्हावं. बोल्ट सोडवले आणि खाली वाकून बघतो तर दोन्ही भागांना जोडणाऱ्या तारांचं हे जंजाळ. लाल, हिरव्या, चॉकलेटी, काळ्या, दहा-बारा तरी असतील. जोडांवर काळी टेप, आणि प्रत्येक तारेला जोडाजवळ पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी मारलेल्या. कुठे एक, कुठे दोन. आणि रंगांचा तर काही मेळच नव्हता. इकडची लाल तिकडच्या चॉकलेटीला, तिकडची हिरवी इकडच्या लालला. मला दाजींच्या गबाळेपणाचं हसू आलं. आयुष्यभर मी फायली लावल्या, हे असलं मला बघवत नाही. मी ते सगळे जोड कात्रीने कापले. रंगकाम झाल्यावर टेबल परत जागेवर आणलं आणि तारा नीट जोडल्या, लाल लालला, हिरवी हिरवीला, चॉकलेटी चॉकलेटीला. वर प्रत्येक जोडाला चिकटपट्टी. दोऱ्याचे तुकडे केरात टाकले. इतकं सुबक काम झालं की मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून मीनाला पाठवला.

मग बटण फिरवलं. रेग्युलेटरवरचा तांबडा दिवा लागला आणि गाडी जागची हलली नाही. पुन्हा फिरवलं, पुन्हा दिवा. दाजी फोनवर किती जणांना सांगायचे ते आठवलं, की तांबडा दिवा लागला म्हणजे डावा रूळ आणि उजवा रूळ खाली कुठेतरी एकमेकांना भेटलेत, यंत्र स्वतःला वाचवायला वीज तोडतंय. म्हणजे तारा चुकल्या होत्या. आणि कुठली तार कुठे होती हे सांगणारी एकमेव खूण मी केरात टाकली होती. बाहेरून ताईने विचारलं, "झालं का?" मी म्हणालो, थोडं काम आहे. पुढच्या खेपेलाही तेच म्हणालो. त्याच्या पुढच्या खेपेला ती दारात येऊन उभी राहिली. त्या थांबलेल्या इंजिनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बंद गाडी घरात नको रे. मला ती खोली खायला उठती. चालती होणार असंल तर राहू दे. नायतर रविवारी सुतार येतोय स्वयंपाकघराचं दार बघायला, त्याला सांगून ठेवते, टेबल मोडून घेऊन जा म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. ती थकली होती.

मंगळवार होता तो. रविवारपर्यंत पाच दिवस. मी एक वायरमन आणला, तो टेबलाखाली बॅटरी मारून बाहेर आला आणि म्हणाला, काका, सगळं उपटून नवीन करा. उपटायचं म्हणजे डोंगर फोडायचे, कारण तारा डोंगरांच्या पोटातून गेल्या होत्या. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, त्यातली माणसं इतक्या भराभर बोलत होती की मला काही उमगलं नाही. दोन-दोन तारा अदलाबदल करून पाहिल्या आणि दर वेळी तो तांबडा दिवा. रात्री झोपताना डोळे मिटले तरी तो दिसायचा. दाजींनी एकच गोष्ट मागितली होती, मनगट धरून मागितली होती, आणि मी ती नीटनेटकेपणाच्या पायी घालवली होती. मला रडू येत होतं, पण या वयात कुणापुढे रडायचं आणि सांगायचं काय, की खेळण्यातली गाडी बंद पडली?

शनिवारी सकाळी मी टेबलापाशीच होतो, तेव्हा दाजींच्या फोनवर डॉक्टर बोरशांचा फोन आला. तो फोन ताईने माझ्याकडे देऊन ठेवला होता. त्यांना ताईची खुशाली हवी होती. मी खुशाली सांगता सांगता सगळंच सांगून टाकलं, कात्रीपासून चिकटपट्टीपर्यंत. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बटण किती फिरवल्यावर दिवा लागतो? दोन्ही दिशांना लागतो का?" मी म्हणालो, बघून सांगतो. "बघा. मी आहे इथेच." दाजी धुळ्यात बसून बोलत होते जणू. मी बघितलं, सांगितलं. मग ते म्हणाले, "हे अवघड नाहीये. टेस्टरचं एक टोक रुळाला लावायचं, दुसरं खाली एकेका तारेला. पीं वाजलं की ती तार त्या रुळाची. पण एकट्याने होणार नाही. वर एक माणूस लागतो, खाली एक. दाजी वर असायचे तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण बसायचं?" मी म्हणालो, कुणी नाही, ते एकटेच करायचे सगळं. डॉक्टर म्हणाले, "एकट्याने होतच नाही हो ते. कुणीतरी असणारच. आठवून बघा."

ताई बाहेर मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, दाजी तारा जोडायचे तेव्हा खाली कोण असायचं? ती मेथीच्या काड्या बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "मी." मी विचारलं, कधी? "दुपारी तू यायच्या आधी. वर उजेड लागायचा म्हणून हे वर, आणि मी खाली. ह्यांना तारांचे रंग कळायचे नाय. लाल, हिरवा, चॉकलेटी, सगळं मातकट दिसायचं त्यांना. म्हणून तर रेल्वेवाल्यांनी घेतलं नाय. सिग्नल कसा बघणार इंजिनावरून?" जुडी संपली, तिने दुसरी ओढली. "लग्नाला आठ दिवस झाले तेव्हा सांगितलं मला. हिरवी साडी म्हणून चॉकलेटी आणली होती. मी हसले, तर त्यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, कुणाला सांगू नको. नाय सांगितलं. मीनीला पण नाय." आणि गाठी? "गाठी माझ्याच. बाहेरचा रूळ एक गाठ, आतला रूळ दोन. म्हणजे ह्यांना हाताने चाचपून कळायचं, रंग बघायला नको. तू कापल्यास ना? मला वाटलंच. केरात दोरे दिसले होते." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बोलले असते तर ते पण सांगावं लागलं असतं. त्यांनी एवढी वर्षं झाकून ठेवलेलं." मग तिने मेथीचं ताट माझ्याकडे सरकवलं. "ते घेऊन ये मशीनमधलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. आणि चटई."

शनिवारचा दिवस त्यातच गेला आणि रविवारची सकाळही. एकाहत्तर वर्षांची माझी बहीण चटईवर उताणी पडून टेबलाखाली, आणि मी वर टेस्टरचं टोक रुळाला लावून उभा. पीं वाजलं की खालून आवाज यायचा, "बाहेरचा?" मी हो म्हणायचो. मग ती गाठ मारायची. "पुढं सरक." तिचा आवाज इतका सरावाचा होता की मला आपण कुणाच्या तरी जागेवर उभे असल्याची सारखी जाणीव होत होती. एकदा मी चुकून दुसऱ्याच रुळाला टोक लावलं, तर खालून म्हणाली, "हे पण असंच करायचे." आणि हसली. दाजी गेल्यापासून तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

अकराच्या सुमाराला शेवटची गाठ झाली. मी बटणाला हात लावला, मग काढला, मग पुन्हा लावला. तांबडा दिवा लागला नाही. इंजिन एकदा थरथरलं आणि निघालं, फलाट सोडून, लिंबाच्या झाडांजवळून, पुलावर, आणि बोगद्यात. मी खाली वाकून ताईला म्हणालो, झालं, ये बाहेर, बघ. ती बाहेर आली नाही. उताणी पडून राहिली होती, एक हात वर करून प्लायवूडला तळवा लावलेला. गाडीचा आवाज तिच्या डोक्यावरून फिरत होता आणि तळहात त्याच्या मागे मागे सरकत होता. "आता डोंगरामागं," ती म्हणाली. "आता सांधा येईल... हा, आला. आता ठेसण." तिने वर एकदाही पाहिलं नव्हतं आणि एकही जागा चुकली नाही. तिच्या कानावरून पाणी चटईवर ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मीही गुडघे टेकून तिथेच बसून राहिलो. मी ज्या आवाजावर खुशाल झोपा काढल्या, तो ती त्या टेबलाखाली पडून इतकी वर्षं ऐकत आली होती, आणि आम्ही म्हणत होतो की तिने मन दिलं नाही.

बेल वाजली. सुतार आला होता, हातात करवत आणि पटाशीची पिशवी. स्वयंपाकघराचं दार बघून झाल्यावर तो खोलीच्या दारात आला आणि फिरणाऱ्या गाडीकडे बघत म्हणाला, "हेच का मोडायचं टेबल?" मी ताईकडे पाहिलं.

टेबलाखालून ताई म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. मला एक बुटका पाट करून दे. पाठ लागती आता चटईवर."

सुतार गोंधळला. त्याने खिशातून टेप काढला आणि विचारलं, "किती उंच पाहिजे, आजी?"

"मी बसले की डोकं टेबलाला टेकलं पाहिजे," ताई म्हणाली. "ये, आत येऊन माप घे."